रात्रीची नाव

दि. १४ जून १९७०

आज घाटावर समितीचे साहेब आले होते. पावसाळ्यात पुरात अडकलेल्यांसाठी रात्रीची नाव ठेवावी की बंद करावी, याची चौकशी. सारे गाव जमले. साहेबांनी विचारले, "आजवर रात्री किती माणसे बुडाली?" मी उभा राहिलो. टोपी नीट केली. म्हणालो, "साहेब, मी व माझा जोडीदार छगन या नावेवर बसू लागल्यापासून तापीने रात्री एकही मनुष्य नेलेला नाही."

साहेबांनी मान डोलविली व ते लिहून घेतले. बोलणे उत्तम झाले. इयत्ता चौथीचे शिक्षण वाया गेले नाही.

दि. २ जुलै

रात्रीची नाव बंद.

ग्रामसेवकांनी हुकूम वाचून दाखविला. "आजवर रात्री एकही मनुष्य बुडालेला नसल्यामुळे आवश्यकता दिसून येत नाही." वाक्य माझेच आहे. थोडे फिरविले आहे इतकेच.

दि. ३ जुलै

पारावर छगन सर्वांदेखत म्हणाला, "बठ्ठा तरी गयात नाना, आपन दोन्ही बुडनूत." बाकी सगळे तरले, बुडालो ते आम्ही दोघेच, असे त्याचे म्हणणे. लोक हसले. मी हसलो नाही. सरकारी हुकुमाची थट्टा करू नये, असे मी त्यास बजावले.

"मंग सांगाना व्हता, दर साल दोन-चार बुडतस म्हनीसन."

"असत्य कसे सांगावे?"

"असत्य कसाले? आपन नही काढतूत तर बुडतातच ना त्या."

मी टोपी नीट केली व घरी निघून आलो.

दि. ५ जुलै

नावेला साखळी घातली. आता ती फक्त दिवसाच्या उतारूंसाठी. मक्तेदाराचा माणूस दिवे लागण्यापूर्वी कुलूप लावील व किल्ली आपल्या गावी घेऊन जाईल. साखळी खुंट्यास ठोकून देण्याचे काम मलाच सांगितले. छगन शेजारी बिडी ओढत बसला होता. हळूच म्हणाला, "एक कडी मोकळी ठेव ना. कोन देखस?"

मी ठेवली नाही. वस्तू सरकारी आहे. पक्की ठोकली. ओढूनही पाहिली.

दि. १९ जुलै

छगनचा रात्रीचा रोजगार गेला. त्याने लोकांच्या म्हशी चारावयास घेतल्या आहेत आणि बायको झुंबरबाईस घेऊन नदीतल्या बेटावर झोपडी घातली आहे. तेथे गवत कमरेइतके आहे. ऐन पावसाळ्यात बेटावर राहणे शहाणपणाचे नाही, असे मी स्पष्ट सांगितले.

"तू शे ना काठवर," म्हणाला. काठावर मी आहे, मग भीती कसली, असे.

दि. १० ऑगस्ट

कानबाई देवीचे विसर्जन. छगन व झुंबरबाई बेटावरून आली होती. देवीच्या रोटाचा प्रसाद भाऊबंदांनीच खावयाचा व आम्ही एकाच भाऊबंदांतले, त्यामुळे पंगतीस तो माझ्या शेजारीच बसला. महिनाभर आम्ही धड बोललो नव्हतो. त्याने न विचारता आपल्या ताटातील खीर माझ्या ताटात ओतली. मी खाल्ली. पुष्कळ बरे वाटले.

दि. २३ ऑगस्ट

पाणी गढूळ झाले आहे. वर कोठेतरी पाऊस झाला असावा. सूनबाई मंजुळा म्हणाली, "नाना, छगनकाकांना बोलावून घ्या." दिवसाच्या नावेबरोबर निरोप धाडला. उत्तर आले – म्हैस वीत आहे, परवा येतो.

दि. २५ ऑगस्ट

काल रात्री त्याने हाक मारली.

आमची नावेची हाक होती ती, लांब व शेवटी चढणारी. मी अंथरुणातच ओळखली. घाटावर गेलो तो पायऱ्या पाण्याखाली. नाव होती. साखळी होती. मी ठोकलेली. पहार आणविली व मारीत राहिलो. सगळा घाट जागा झाला. हाक येत होती, मी ओ देत होतो, पुन्हा मारीत होतो. कडी वाकली, तुटली नाही. मग कुलूपच फोडले. सरकारी कुलूप मी फोडले.

तोपर्यंत हाक थांबली होती.

मुलगा अभिमन पुढे वल्ह्यावर, मी सुकाणूवर. बेट दिसत नव्हते, बाभळीचा शेंडा तेवढा दिसत होता. त्यावर झुंबरबाई. लुगड्याने फांदीस बांधलेली. तिला त्यानेच बांधले होते. त्या फांदीला दोघांचा भार पेलला नसता.

दि. २६ ऑगस्ट

झुंबरबाई आमच्या घरी आहे. रडत नाही. सकाळी छगनचे त्या रात्रीचे बोलणे तेवढे सांगितले – "त्या म्हनेत, नाना येई. कुलूप तोडी, पन येई."

मंजुळेने तिला चहा दिला. मी तेथून उठून गोठ्यात गेलो.

दि. २८ ऑगस्ट

छगन सापडला. दोन कोस खाली, गाळात. ग्रामसेवक लिहून घेण्यास आले होते. "रात्री बुडाला, असेच ना?" मी होय म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले, कारण माझा आवाज त्यांस ऐकू गेला नाही.

दि. ३१ ऑगस्ट

पोळा. आमच्या गोठ्यात ठेवलेल्या छगनच्या बैलांची शिंगे अभिमनने रंगविली. मी मारुतीच्या देवळापर्यंत गेलो नाही.

दि. १७ सप्टेंबर

रात्रीची नाव पुन्हा मंजूर झाली. हुकुमात कारण दिले आहे – एक मनुष्य रात्री बुडाल्यामुळे.

कंदील पुसून लावला आहे. सवयीने दोन घोंगड्या घेऊन आलो.