पुलाच्या वहीतला शेरा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. मुलांना घेऊन रविवारच्या गाडीने येतेस, वाचून बरं वाटलं. धाकटीला पुलावरून नदी बघायचीय म्हणे. इकडे सगळं ठीक. पाठ अधूनमधून कुरकुरते, तिचंही वय झालं.

गाव मात्र तू ओळखणार नाहीस. बाबा इंजिनांत पाणी भरायचे तेव्हा प्रत्येक गाडी इथे अर्धा तास थांबायची. त्या अर्ध्या तासावर चारशे घरं उभी राहिली, दोन खानावळी, शाळा, शिंप्यांची तीन दुकानं! मग पाणी न लागणारी इंजिनं आली आणि गाड्या शिट्टी मारून पुढे जायला लागल्या. आता सकाळी एक जाते, संध्याकाळी तीच परत येते. शिंपी एकच उरलाय. गिऱ्हाईक नाही म्हणून येता-जाता माझंच माप घेतो.

ताई, तुम्ही बसने या. मुलांना उलट्या होतील, होऊ देत.

कारण विचारशीलच. लहानपणापासून तू फौजदार.

पुलाच्या तिसऱ्या खांबावरच्या गर्डरला तडा गेलाय. तडा सरकला की त्याच्या टोकाशी मी पांढरी रेघ ओढतो. दोन वर्षांत नऊ रेघा झाल्या. त्यातल्या तीन गेल्या महिन्यातल्या.

पहिल्याच दिवशी तपासणीच्या वहीत लिहिणार होतो. पण वरचे साहेब बजावून गेले होते, पुलाला खर्च निघाला तर हा मार्गच बंद. तड्याची कुणकुण गावाला लागलीच, आणि त्या संध्याकाळी खानावळवाली मावशी, शिंपी, गुरुजी, सगळे आपल्या दारात. मावशी म्हणाली, "तुझ्या एका ओळीने गाव उठेल रे. थोडं थांब की!" गुरुजींनी हात जोडले. ज्यांनी छड्या मारून मला अक्षर शिकवलं त्यांनी. मी लिहिलं, 'पूल ठीक'. तेव्हापासून रोज तेच लिहितो.

दोन वर्षं लोकांची मुलं त्या पुलावरून गेली आणि माझा हात एकदाही अडखळला नाही. तुझं पत्र वाचलं आणि पेन धरवेना. याची मला फार लाज वाटते.

काल गाडी जाताना पुलाखाली उभा होतो. चौथा डबा तिसऱ्या खांबावर आला आणि लोखंडातून असा आवाज आला, की मी तिथेच खाली बसलो. इतक्या वर्षांत तसा आवाज ऐकला नव्हता.

आज वही उघडली तर मावशी जेवणाचा डबा घेऊन हजर. शेजारी बसली, मी काय लिहितो ते बघितलं आणि मगच उठली. मी 'ठीक' लिहिलं, ताई. माझ्या हातून दुसरं काही लिहून होत नाही.

म्हणून हे पत्र तू रेल्वेच्या मोठ्या कचेरीत नेऊन दे. खाली माझी सही आहे. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. गाव मला दारात उभं करणार नाही, आणि त्यांचं काही चुकणार नाही. पण पत्र हातात पडलं की चहासुद्धा न पिता नीघ.

इथलं टपाल उद्या सकाळच्या गाडीनेच निघतं. तेवढी ती पुलापार होऊ दे.

तुझा,
धाकटा