ताप मला माहीत होता

बाई,

गेल्या आठवड्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, शिबिरं घेणाऱ्या वीस-पंचवीस पोरापोरींचं प्रशिक्षण झालं. दोर, गाठी, प्रथमोपचार मी शिकवते, तुमच्यासारखंच आणि तुमच्याइतकंच खेकसून. या वेळी आयोजकांनी एक नवा तास घातला होता, मनाच्या आरोग्याचा. नौपाड्यातले एक मानसोपचाराचे डॉक्टर आले होते. मी मागे बसून नाक मुरडत होते, की आता डोंगरावर काय उसासे मोजत बसायचे. तेवढ्यात डोंबिवलीच्या एका मुलीने हात वर केला. "सर, ॲक्सिडेंट झाला तर बाकीच्या मुलांना कसं सांभाळायचं ते समजलं. पण ज्याच्या हातून झालं त्याचं काय करायचं?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे मॅडम सांगतील, त्यांचा अनुभव मोठा आहे." मी उठले. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले, ती तास संपेपर्यंत आत आलेच नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवत होतं. शिबिर संपलं की पुढच्या रविवारी तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या आम्ही पाचजणी तुमच्याकडे जमायचो. तुम्ही शाळेत पीटीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. घरात माणसांपेक्षा दोरच जास्त, असं आम्ही तुमच्यामागे म्हणायचो. पोहे परतता परतता तुम्ही विचारायचात, "हं, कोणाचं काय चुकलं?" प्रत्येकीने आपली एक चूक सांगायची आणि बाकीच्यांनी गप्प ऐकायची, असा तुमचा नियम होता. एकदा मी एका मैत्रिणीला "अगं, होतं असं" म्हणाले, तर तुम्ही झारा माझ्यावर रोखलात. "समजूत घालू नकोस तिची. समजूत घातली की चूक विसरायला होते, आणि मग पुढच्या डोंगरावर तीच पुन्हा घडते." आम्हाला ते पटायचं. त्या नियमाचा आम्हाला थोडा गर्वही होता.

मग मुरबाडच्या पुढचं ते डिसेंबरातलं शिबिर. नववीतली ती खोपटची मुलगी, दोन वेण्यांची, बोलण्यात कुणाला न ऐकणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंड धुतेय, मी सहज तिच्या पाठीवर हात ठेवते आणि मला चटका बसतो. "अगं, तापलीयेस की तू!" ती माझा हात घट्ट धरते. "ताई, बाईंना नका ना सांगू. त्या मला खालीच बसवून ठेवतील. मी कधी कुठे गेलेलीच नाहीये हो. आईने किती मिनतवाऱ्या केल्यावर सोडलंय." मला तिची दया आली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला तिची लाडकी ताई व्हायचं होतं. मी तिला माझ्याजवळची तापाची गोळी दिली. थोड्या वेळाने तुम्ही रांगेपुढे उभ्या राहून विचारलंत, "कुणाला बरं वाटत नाहीये का?" ती गप्प राहिली आणि मीही गप्प राहिले. दुपारी उतरताना सुट्या मुरमाच्या उतारावर तिला चक्कर आली. मी रांगेच्या शेवटी होते. मला वाटलं ती दमून खाली बसली. मग ती तिथे नव्हतीच. गावापर्यंत तुम्ही तिला पाठीवरून आणलंत, मध्ये कुणाला हात लावू दिला नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

त्याच्या पुढच्या रविवारीही तुम्ही आम्हाला बोलावलंत. पोहे केलेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री नव्हती, मी बघायला हवं होतं." कात्री, बाई! एक पोर गेली होती आणि मी कात्रीचं बोलले. सगळ्यात शेवटी तुम्ही गॅस बंद केलात आणि ओट्याला टेकून उभ्या राहिलात. "मी पोरीचा चेहरा नीट बघितला नाही. पंचवीस वर्षं मुली बघतेय. मला कळायला हवं होतं." आणि मग तुम्ही थांबलात. एकेकीच्या तोंडाकडे पाहिलंत. तुम्हाला काय हवं होतं ते आज मला कळतं. पण आम्ही तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या मुली. माना खाली घालून नियम पाळला, बशा विसळल्या आणि चपला घालून निघालो. बाकीच्या चौघी नियम म्हणून गप्प होत्या. मला तो नियम फार सोयीचा पडला होता.

नंतर तुम्ही शिबिरं बंद केलीत. शाळेत गुडघ्यांचं कारण सांगितलंत. उन्हाळ्यात मी एकदा येऊन गेले. दुपारचे बारा वाजले होते आणि शेगडी पेटलेली नव्हती. तुम्ही बोटांची सालं काढत बसला होतात. "ती रांगेत उभी होती ना गं, तेव्हा तिचं तोंड लाल दिसत होतं का? मला आता सारखं वाटतं की लाल होतं, मी बघितलं होतं आणि सोडून दिलं." मी म्हणाले, "आठवत नाही, बाई." दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. तुमच्या भावाने हार्टचं सांगितलं. तुमच्या दारात मी इतकी रडले की लोकांनी मलाच सावरलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

बाई, ताप मला माहीत होता. तुमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, मी ते तुमच्यापासून लपवलं होतं. त्या रविवारी एवढं बोलले असते, तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतंत, कदाचित कायमचं. पण तुम्ही रात्री झोपला असतात, जेवला असतात. मला तुमच्या मनातून उतरायचं नव्हतं, बाकी काही कारण नाही. त्या डोंबिवलीच्या मुलीला सांगायला माझ्याजवळ इतकंच होतं, आणि तेही मी सांगितलं नाही.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. त्या मुलीची आई अजून खोपटला एसटी डेपोमागे राहते. बाजारात भेटते, माझा हात हातात घेते. "ताई, तुमचा फार जीव होता माझ्या पोरीवर. त्या मोठ्या बाईंचंच लक्ष नव्हतं." दर वेळी हेच म्हणते. मंगळवारीही म्हणाली. आणि बाई, मी मान डोलावली.