प्लूटोच्या पलीकडची सरकी

२५ ऑगस्ट, तेल्हारा

सर,

इतकी वर्षं लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा हिंमत नव्हती, आणि गेल्यावर कारण उरलं नाही. आज सकाळी कारण मिळालं. पेपरात पहिल्या पानावर रोजच्यासारखी आपल्याच भागातली गावं, जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं. आत कोपऱ्यात प्लूटो. त्याला ग्रहांतून काढलं. त्याच्या पलीकडे बर्फाचे मोठमोठे गोळे सापडताहेत, एक तर त्याच्याहूनही मोठा म्हणतात. मी उभ्यानेच वाचलं आणि हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

सातवीतला माझा पुठ्ठा. काळा रंग दिलेला, नऊ ग्रह, आणि प्लूटोपुढे कडेपर्यंत डिंकाने चिकटवलेली सरकी, पांढऱ्या तुसासकट. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुम्ही येता, चष्मा कपाळावर सरकवता, हे काय म्हणून विचारता. मी सांगते, तिकडेही काही असेल, गार, आपल्याला न दिसणारं. तुम्ही पट्टीने एकेक बी खरवडून काढता.

"नऊ म्हंजे नऊ. हे सरकी घरी नेजो अन् म्हशीले चारजो. तिचं दूध तरी दाट होईन."

वर्ग हसला. मी ती ओंजळीत घरी नेली आणि खरंच म्हशीला घातली. पुठ्ठा मात्र अमरावतीच्या प्रदर्शनाला गेला, शेजारी तुमचा पुतण्या उभा राहिला, बक्षीस त्याला मिळालं. मला मुलं दहावीपर्यंत 'सरकी' म्हणत. पुढे मी विज्ञान घेतलंच नाही.

तुमच्यावर अन्याय नको म्हणून लिहिते: तेव्हा पुस्तकात नऊच होते, तुम्ही खोटं शिकवलं नाहीत. पण पुतण्या कोणत्या पुस्तकात होता?

आता त्याच शाळेत मी मराठी शिकवते. उद्या प्रयोगशाळेत तुमच्या फोटोचं अनावरण आहे. पाहुणा तुमचा पुतण्या, चार शब्द मी बोलायचे. तो पुठ्ठा अजून तिथल्याच कपाटावर पडलाय, डिंकाचे डाग दिसतात. फोटोखाली तोच ठेवणार, सरकी पुन्हा लावून, पार तुमच्या चौकटीपर्यंत. मग पुतण्याला सगळ्यांसमोर विचारणार, प्लूटोच्या पलीकडे हे काय आहे, सांगा.

एक मात्र तुम्हालाच सांगते, उद्या बोलणार नाही. तेव्हा मला काही कळलं वगैरे नव्हतं. पुठ्ठ्यावर जागा रिकामी राहिली होती, ती मला बघवेना, आणि म्हशीच्या कोठ्यात सरकी होती.

उद्या: शाळेआधी ढेप-पेंडीच्या दुकानातून पाव किलो सरकी.