न वाळणारा खंड्या

सौ. विहीणबाईंना मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो की आता निमूट चढतो? व्याह्यांच्या कानातलं यंत्र नीट बसलं का (की अजून ते खिशात ठेवून ऐकू येत नाही म्हणतात)? जावईबापूंची पाठ, नातीचा हलणारा दात, सगळं कळवा. लेकीची प्रकृती विचारत नाही. फोनवर एवढ्या जोरात बोलते, म्हणजे ठणठणीतच असणार. आम्ही दोघंही बरे आहोत. ह्यांच्या कोपरावर निळा डाग आहे, पण तो दुखण्याचा नाही. तेच सांगायला बसले आहे.

साठी उलटल्यावर मी तैलरंग हाती घेतले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवलं कुणी नाही. धक्क्यावर स्टूल टाकून बसायचं, समोर येईल तो पक्षी काढायचा आणि तो उडून गेला की उरलेला अंदाजानं पुरा करायचा. (त्यामुळे माझ्या पक्ष्यांचे पाय बहुतेक अंदाजाचेच असतात.) तीन महिन्यांपूर्वी वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, वर्तमानपत्रांच्या टेबलामागची भिंत रिकामी आहे, तिथं तुमचं एक चित्र लावू. आता येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी समिती बघायला येणार, आणि पसंत पडलं तर कायमचं लागणार. विहीणबाई, तीस वर्षं मी त्या टेबलाशी बसून वाचते आहे. माझ्या हातचं खाऊन पुष्कळ जण तृप्त झाले, पण माझ्या हातचं काही कुणी भिंतीवर टांगलं नाही. मला हे फार हवं आहे. उगीच संकोचानं नाही म्हणत बसत नाही.

तर मी खंड्या काढायला घेतला. धक्क्याचा खांब, त्यावर खंड्या, मागे ओहोटीचा समुद्र. पाठीचा निळा असा काही उतरला की मीच दोनदा मागे सरकून पाहिलं (दुसऱ्यांदा पाय बादलीत गेला, ते असो). समुद्राला हात घातला आणि जवसाचं तेल संपलं. दुकान बंद, हात तर चाललेला. म्हटलं, तेल ते तेल. स्वयंपाकघरातून वाटीभर गोडेतेल आणलं आणि त्यात समुद्राचा, शिवाय राहिलेल्या शेपटीचा आणि खांबाचाही रंग कालवला. काय सांगू, समुद्र असा झाला, ओला, चकचकीत, जणू आत्ताच लाट येऊन गेली.

तो अजून ओला आहे. आज दहा आठवडे झाले.

हे रोज सकाळी चहाआधी अंगठा टेकवून वाळलं का ते बघतात, त्यामुळे खंड्याच्या शेपटीवर ह्यांचा ठसा उमटला आहे, नोंदणी कचेरीत चालेल असा. गच्चीत उन्हात ठेवलं तर मुंग्या आल्या, खांबावर चढल्या आणि तिथंच राहिल्या. पंख्याखाली ठेवलं तर उशीतला कापूस उडून क्षितिजावर बसला. ह्यांचं म्हणणं, ढग म्हणून खपून जाईल. शेवटी निवृत्त ड्रॉइंग मास्तरांना बोलावलं. त्यांनी चित्राजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "काकू, फोडणी द्यायची राहिली का?" मी खरं काय ते सांगून टाकलं. मग ते हसले नाहीत (तेच जास्त लागलं). म्हणाले, "जवसाचं तेल हवेनं सुकतं, गोडंतेल सुकत नाही. हे तुमच्या पणतवंडांच्या हातालाही लागेल." त्यावर ह्यांनी विचारलं, "पण मास्तर, समुद्र ओलाच असतो ना?" मास्तर चहा न घेता गेले.

दोन दिवस मी ब्रशला शिवले नाही. आता बरी आहे. खंड्या फ्रिजवर आडवा ठेवला आहे. बाकी सगळं क्षेम.

तुमची विहीण

ता. क. एक विचारायचं राहिलं. नवं चित्र काढलं तर जवसाच्या तेलातलंही त्या शनिवारपर्यंत पुरतं वाळणार नाही. जुनी चित्रं म्हणाल, तर खर्च वाचवायला मी एकाच कॅनव्हासवर एकावर एक रंगवत गेले, ती सगळी आता ह्या खंड्याखाली आहेत. तेव्हा माझ्या हातचं खडखडीत वाळलेलं चित्र जगात एकच उरलं आहे, तुमच्या नव्या खोलीच्या वेळी दिलेले ते दोन बगळे. दिलेलं परत मागायचं, तेही लेकीच्या सासरी, म्हणून चार कागद फाडले. तेवढे बगळे धाडाल का? लेकीला कळू देऊ नका. ती माझी चांगलीच हजेरी घेईल.

आणखी एक ता. क. ते चित्र भिंतीवर नाही हे मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला केरसुणी शोधताना कपाटामागे दिसलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही (पहिले दोन-तीन दिवस सोडून). अंधारात रंग टिकतात, तेव्हा तुमच्याइतकं ते दुसऱ्या कुणी जपलं नसतं. धूळ पुसायच्या भानगडीत पडू नका, मी पुसेन. बदल्यात खंड्या तुमचा. फक्त त्याला कपाटामागे सारू नका, कपाट खराब होईल. होय की नाही ते दोन ओळींत, पण उलट टपाली कळवा.