कपाळावरची आठी

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

गौरी समोर बसलीय, तो एक कांदा अजून हातात धरून. खाली ठेव म्हटलं तरी ठेवत नाही.

चौदा वर्षांची झाली, पण लेकीची समज लहानच राहिली. कांदा निवडताना दरवेळी माझ्या तोंडाकडं बघते. मी मान हलवली की चांगल्यात, आठी घातली की सडक्यात. ही सवय मीच लावली, काम उरकावं म्हणून! शाळेतल्या बाई म्हणाल्या, "खुणा करू नका, तिचं तिला ठरवू द्या." म्हणून आज खुणा न करता नुसती समोर बसले.

तासाभरानं सासूबाई ओरडल्या, "अगं, चांगला कांदा समदा सडक्यात टाकलाय हिनं!"

गौरीच्या हातात तो कांदा होता, चांगला कडक, लालबुंद. "आई, तू चिडली?"

चिडले नव्हते गं. सकाळपासून दाढ ठणकतेय. कळ आली की आठी पडत असणार. म्हणजे तासभर ती माझी आठी बघून, घाबरून सडक्यात टाकत होती, आणि मला वाटलं, स्वतः ठरवतेय.

आताही ती माझ्या तोंडाकडं बघतेय. दाढेत पुन्हा कळ उठलीय, आणि मी कपाळ सरळ ठेवून लिहितेय.