मास्टर किल्ली माझ्या पाळतीवर

३ जून, सकाळ
आजपासून सावध. तो प्रसिद्ध रॅपर माझ्या पाळतीवर आहे. दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याने आज त्याचं नवं गाणं लावलं होतं.
"शंभर कुलपं खोलतो भाऊ,
घरात विचारा, म्हणतो पाहू!"
या रस्त्यावर किल्ल्या बनवणारा मी एकटा. 'पाहू' हा शब्दसुद्धा माझा, बावीस वर्षं वापरतोय. म्हणजे ओळी माझ्या आणि नाव त्याचं. वा रे वा!

५ जून
चौकशी केली. या इसमाला टोपणनावं तीन. मास्टर किल्ली, डबल लॉक, जिभेचा खटका. तिन्ही माझ्या धंद्यातली! सरळ माणसाला एक नाव पुरतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ते राहू द्या, बाथरूमची कडी अडकते, कधी दुरुस्त करताय? म्हटलं, पाहू. इथे माझी लूट चाललीय आणि हिला कडीचं पडलंय.

९ जून
निश्चय: दुकानात तोंड उघडायचं नाही. वाक्यं तिथूनच फुटतात. संशयित दोन. झेरॉक्सवाला आणि रोज दुकानात फोन करणारा मेव्हणा. दिवसभर गप्प बसलो. गिऱ्हाईकं दुप्पट आली. हेही संशयास्पद.

१४ जून
सापळा लावला. झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "गंजल्या कुलपाला पाजावं तेल." मेव्हण्याला फोनवर, "किल्ली हरवली की अक्कल आठवते." गाण्यात जी ओळ येईल, तो चोर. बायकोला ओळ दिली नाही. ती घरचीच. शिवाय तिला रॅपमधलं काय कळतंय! कानात वायर घालून भांडी घासते, बातम्या ऐकत असेल.

२१ जून, सकाळी आठ
बाथरूममध्ये अडकलो. पाऊण तास. हत्यारं सगळी दुकानात. शेवटी बायकोने बाहेरून चमच्याच्या दांड्याने कडी सरकवली. बजावलं, कुणाला सांगू नकोस. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.
कडीचं उद्या नक्की.

२ जुलै
घात झाला! नवं गाणं आलं.
"आत अडकलाय कुलपांचा राजा,
चमच्यानं उघडला त्याचा दरवाजा!"
सापळ्यातली एकही ओळ नाही. म्हणजे दोन्ही संशयित निर्दोष, किंवा महाबिलंदर. पण मुद्दा तो नाही. बाथरूममध्ये माईक आहे. गीझर खोलून पाहिला. माईक नाही. गीझर आता परत बसत नाही. थंड पाण्यावरून बायको बोलली. म्हटलं, पाहू.

६ जुलै
चोर घाबरला! पोस्टर लागलंय. रविवारी संध्याकाळी मैदानात त्याचा कार्यक्रम, आणि ज्याच्या ओळी त्याचा स्टेजवर सत्कार. शेवटी माझं नाव लागणार. भाषण पाठ केलं. त्याला माफ करायचं, पण लगेच नाही. बायकोला म्हटलं, चल. तिला म्हणे बहिणीकडे जायचंय, चार दिवस. घ्या! माझा एवढा मोठा दिवस आणि हिची बहीण.

रविवार, रात्री नऊ
नाव पुकारायच्या आधीच उठलो. चार पायऱ्या चढलो. रॅपर म्हणाला, या ताई. मागे वळून पाहिलं. बायको.
वर्षभर ती त्याला फोनवरून ओळी पाठवते. त्याने माईकवर सांगितलं. अख्खं मैदान ओरडलं, "म्हणतो पाहू!" मला गार्डने दंडाला धरून खाली उतरवलं.
बाहेर तिला गाठलं. विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, बावीस वर्षं तुम्हालाच सांगत होते. त्या पोराने चाल लावली, तेव्हा तुमच्या कानात शिरलं.
पिशवी उचलून बहिणीकडे गेली. चार दिवसांचं काही बोलली नाही.

मंगळवार
कडी बसवली. अकरा मिनिटं लागली. गीझरही बसला.
घरात फार शांत आहे. मला करमत नाही.
तिला फोन केला. कडी झाली, म्हटलं. तीनदा लावून, काढून पाहिली. कधी येतेस?
म्हणाली, पाहू.