पाणी गेलं, तो राहिला

फतनासा, ११ मे १९३७

ती. लझहरदादास, मबरूकाचे सलाम वि. वि.

तीन वर्षांनी लिहितेय, रागावू नकोस. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा ती वेडीवाकडी असली तर दोष मास्तरांचा.

मी आता हनियाकडे राहायला आलेय. लेक जीव लावते, जावई घोरतो. वाईट एकच, यांचं दार शत्तावर उघडतं. त्या मिठाच्या तळ्याकडे पाठ करून मी सात वर्षं काढली. हनियाचा बाप बेलगासम वाटेचे खुंट रोवायला तिथे गेला आणि आलाच नाही, तेव्हापासून.

दादा, तो तिथे उभा आहे. रोज दुपारी, पाण्यात. कमरेपासून वर तो आणि खाली डोकं खाली केलेला दुसरा तो. कधी खजुरीएवढा लांब होतो, कधी मधेच तुटतो. हनिया म्हणते, वैशाखात कसलं आलंय पाणी, सगळ्यांनाच तसं दिसतं, आई, तू आत ये. मी तिला म्हटलं, तुझा बाप लग्नालासुद्धा दोन दिवस उशिरा आला होता, तेव्हाही मी वाट पाहिलीच ना.

जवाची कापणी उरकली की मी जाऊन त्याला घेऊन येणार. तुला कळवल्याशिवाय जायचं नव्हतं, एवढंच.

लोभ आहे तो आटू देऊ नये.
तुझी मबरूका


तोझर, १६ मे

चि. मबरूका हिस, दादाचे सलाम व पोटभर आशीर्वाद.

वाटेवरून एक पाऊल ढळलं तर ती मिठाची साय माणसाला गिळते, हे तुला मी सांगायचं? कुठेही जाऊ नकोस.

मी बागांच्या पाण्याच्या पाळ्या मोजणारा माणूस, शाळा पाहिलेली नाही. पण पाण्याकडे जन्मभर बघत बसलोय. एक कर. काचेच्या पेल्यात पाणी घे, तो डोळ्यांच्या वर धर आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून तिरकं बघ. तो चांदीसारखा चकाकेल, पलीकडचं बोटसुद्धा दिसणार नाही. फार तिरका आलेला उजेड तिथून बाहेर पडत नाही, आरशावर आपटल्यासारखा मागे वळतो. तापलेल्या मिठालगतची हवा वरच्या हवेपेक्षा पातळ होते, म्हणून तिथेही तेच घडतं. आभाळाचा उजेड तिच्यापाशी येऊन वर वळतो. जमिनीवर आभाळ दिसतं, आपण त्याला पाणी म्हणतो.

पण उजेड तिरका आला तरच. म्हणून दुपारी गच्चीवर चढ आणि वरून बघ. पाणी पळेल, आणि त्याच्याबरोबर तुझा तोही. मग खाली येऊन माझ्या नावानं दोन घास जास्त खा.

काळजीत असलेला,
लझहर


फतनासा, २१ मे

ती. दादास सलाम.

पेला पाहिला. तुझं खरं आहे, चांदीच ती.

गच्चीवर चढले. पाणी गेलं. खालचा, उलटा, तोही गेला.

वरचा राहिला, दादा. लहान, बारीक, अगदी स्थिर. तूच लिहिलंस, खोटं असेल ते पळेल. कापणी पाच दिवसांत संपतेय.

मबरूका


फतनासा, जावयाच्या खोलीतून, २६ मे

चि. मबरूका,

पलीकडच्या खोलीत तू निजली आहेस आणि मी पत्र लिहितोय. तोंडानं सांगताना मला रडू येईल, म्हणून.

तुझं पत्र मिळालं तसा उंट घेऊन निघालो. पहाटे एका वाटाड्याबरोबर शत्तावर गेलो. खुणांची वाट सोडताना उंट तिथेच बसवला आणि कमरेला दोर बांधला. गावापासून अर्ध्या कोसावर तो आहे, पण पाऊल चाचपत जायला तास लागला. खजुरीचा खुंट, बेलगासमनं रोवलेला. तू विणलेला तांबडा कमरपट्टा त्याला बांधलाय, मिठानं लाकडासारखा ताठ झालेला. पट्टा कशासाठी बांधतात, तुला माहीत आहे. पुढे दलदल आहे, मागे फिरा. गाठ ज्या दिशेला, तिकडच्या माणसानं येऊ नये. गाठ फतनासाकडे आहे.

त्याच्यापुढे मीठ पायाखाली हलत होतं. बेलगासम मिळाला नाही. आता शोधूही नये.

तोवर ऊन चढलं होतं. वळून पाहिलं तर गाव पाण्यात तरंगत होतं. पाण्यात एक काळी बाई उभी, पाय नसलेली, आणि तिच्याखाली डोकं खाली केलेली दुसरी. ती पुढे येतेय असं वाटून माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंही शेवटी हेच पाहिलं असेल, आणि कमरेचा पट्टा सोडून खुंटाला बांधला असेल.

आल्या पावलांनी मागे येऊन उंटावर चढलो. पाणी गेलं. तू होतीस. दारात, उंबऱ्याच्या आत.

तिथेच राहा, बाय. त्यानं एवढंच मागितलंय.

तुझा दादा